आयव्हर मॅकफीचा धर्म

२९ जून १९४१, रविवार. गाझा.

पुन्हा वारा! पहाटेपासून तंबूच्या कनाती नुसत्या फडफडताहेत. चहात वाळू, पावात वाळू, उशीखाली वाळू. उत्तरेकडून ॲम्ब्युलन्स गाड्या दुपारपर्यंत येतच होत्या. सीरियातल्या टेकड्यांवरची आमची मुलं. धुळीने सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे. ओल्या फडक्याने पुसले की मग कळतं, हा तांबूस केसांचा, हा काळ्या.

त्यांत मॅकफी. आयव्हर मॅकफी, साधा शिपाई. घर तिकडे आमच्याच देशात, व्हिक्टोरिया प्रांतात, टेरँगजवळ. दुभत्या गाईंचं कुरण आहे म्हणे. पोटात गोळ्या. कर्नलसाहेबांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवलं. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेट्रन, ह्याच्याजवळ कोणीतरी बसा." मीच बसले.

गळ्यातला बिल्ला फिरवून पाहिला. नाव, नंबर, आणि खाली धर्म – आर. सी. रोमन कॅथलिक. आपलाच! ताबडतोब फादर हॅनरहनना बोलावणं धाडलं. दाढी करता करता उठले असावेत, एका गालाला साबण तसाच. कपाळाला, हातांना पवित्र तेल लावलं, अखेरच्या प्रार्थना सुरू केल्या. मधेच पोराने डोळे उघडले.

"कोण?"

"फादर आहे, बाळा."

जरा वेळाने – "बरं."

मग त्याने फादरचा हात धरला. फादरना पुस्तकाचं पान उलटायचं होतं, तर म्हणतो, "थांबा ना." पान मी उलटलं.

चहाची गाडी तंबूच्या दारात आली तेव्हा तो गेला. शाळा सोडताना मदर इग्नेशियसनी दिलेली माझी जपमाळ त्याच्या बोटांत गुंफली. इतकी वर्षं जपली होती, पण दिल्यावर काही वाटलं नाही. पोर एकटं गेलं नाही. त्याचं समाधान वाटलं – आणि समाधान वाटल्याची लाजही वाटली.

३० जून

मॅकफीला पुरलं. फादरचं लॅटिन वाऱ्याने समुद्राकडे नेलं.

२ जुलै, बुधवार

आज मिसेस मॅकफींना लिहिलं. सरकारी तार आधीच गेली आहे. तारेत माणूस नसतो. तो माझ्या पत्रात घालायचा, अशी माझी आपली समजूत.

सिस्टर ऊना बाजूला बसून मलमपट्ट्या गुंडाळत होती. म्हणाली, "मेट्रन, तुम्ही कॅथलिक पोरांच्या आयांना लिहिताना नेहमी फादरपासून का सुरुवात करता?"

मी म्हटलं, "सवय."

सवय नाही. कॉन! माझा धाकटा भाऊ. सोळा सालच्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये मारला गेला, पोझिएरच्या लढाईत. मी तेव्हा कैरोच्या इस्पितळात दुसऱ्यांच्या भावांना पाणी पाजत होते. आईला त्याच्या कॅप्टनचं पत्र आलं – शूर होता, सर्वांचा लाडका होता, क्षणात गेला. छान अक्षर. आईने ते कधी कोणाला दाखवलं नाही. तिला त्यात हवं होतं तेच नव्हतं. मरेपर्यंत मला विचारायची, "नोनी, फादर होता का गं त्याच्याजवळ? तुम्हा नर्सांना कळतं ना सगळं?" मला काय कळणार! पण मी हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हणायचे, "माहीत नाही, आई." मदर इग्नेशियसची शिष्या ना मी! खोटं बोलायचं नाही.

म्हणून फादरपासून सुरुवात. मॅकफीच्या आईला सगळं लिहिलं – तेल, प्रार्थना, हात धरला ते, "थांबा ना" ते, जपमाळ. साबण तेवढा वगळला. पत्र हवाई टपालाने टाकलं.

५ जुलै

उकाडा. सत्तेचाळीस नवे जखमी. लिहायला बळ नाही.

१४ जुलै

सीरियातली लढाई थांबली! संध्याकाळी पोरींनी टेबलं बाजूला सारली आणि ग्रामोफोनवर नाचल्या. ज्यांना एकच पाय होता तेसुद्धा टाळ्यांनी ठेका धरत होते. मला लेमनॉसची आठवण झाली. पंधरा साल. बेटावर तंबू होते, पण खाटा नव्हत्या, पाणी नव्हतं. आम्ही आमच्या परकरांच्या पट्ट्या फाडल्या होत्या. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, आणि मला वाटायचं की ही लढाई संपली की जगात मेट्रन नावाच्या माणसाची गरजच उरणार नाही. आता मीच मेट्रन!

पोरी मला नाचायला ओढत होत्या. "मेट्रन, या ना!" गेले नाही. जायला हवं होतं.

२२ जुलै, मंगळवार

आज काय ऐकलं!

नाझरेथच्या इस्पितळातून काही पेशंट इकडे हलवले. त्यांत गिलख्रिस्ट नावाचा एक लान्स कॉर्पोरल – मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. केस इतके पांढरट की सगळे त्याला स्नोई म्हणतात. फेरीला गेले तर म्हणाला, "मेट्रन, आमचा मॅकफी इथेच होता ना? कसा गेला हो तो?"

मी खाटेवर टेकून सगळं सांगितलं. अगदी मनापासून. फादर आले, तेल लावलं, जपमाळ –

तो हसायला लागला! प्लास्टर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेजारचा म्हणाला, "काय रे, पिसाळलास का?"

"आयव्हर! कॅथलिक! अहो मेट्रनबाई, ह्या गावातले उंट एक वेळ कॅथलिक निघतील, आयव्हर नाही! त्याचा बाप कट्टर प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन चर्चचा पंच आहे!"

"पण बिल्ल्यावर –"

"बिल्ल्यावर न्याहारी लिहिली होती त्याने!"

मग कळलं ते असं. भरतीच्या दिवशी कारकून एकेकाला धर्म विचारत होता. रांगेत पुढे एक जुना गडी उभा होता, मागच्या लढाईत जाऊन आलेला. तो ह्या पोरांना म्हणाला, लेको, आर. सी. सांगा. रविवारी प्रार्थनेची परेड असते तेव्हा सार्जंट ओरडतो – कॅथलिकांनी रांगेबाहेर व्हा! बाकीचे तासभर उन्हात ताठ उभे राहून बड्या पाद्र्याचं प्रवचन ऐकतात. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, त्याच्या आधीच झटपट उरकते, आणि न्याहारीच्या रांगेत पहिला नंबर! आयव्हरला भूक फार. लगेच म्हणाला, आर. सी.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी ज्यू लिहिणार होतो. त्यांना तर मिस्साही नाही. पण कारकून म्हणाला, गिलख्रिस्ट, तुझं नाव बघ आणि तोंड बघ."

शेजारचे सगळे हसले. मीही हसले असेन. मग स्नोई उशीत तोंड खुपसून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. काही वेळाने उशीतूनच म्हणाला, "त्याच्या घरी नाही ना लिहिलंत हे?"

२३ जुलै

लिहिलं. तीन आठवडे झाले. मीच लिहिलं.

सकाळी मोकळा वेळ काढून स्नोईकडे गेले. आज त्याला हसू येत नव्हतं. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले. मॅकफींचं घर त्याला आतून माहीत आहे.

"म्हातारा मॅकफी म्हणजे दगड, मेट्रन. बारा जुलैला, कॅथलिकांना पूर्वी कधी हरवल्याचा सण असतो तेव्हा, नारिंगी पट्टा गळ्यात घालून मिरवणुकीत पुढे! पोपच्या नावाने शंख करायला एक नंबर. दूध ओततानासुद्धा कॅथलिकाच्या डब्याला डबा लागू देत नाही."

"अशी माणसं मीही पाहिली आहेत," मी म्हटलं. पाहिली नाहीत तर काय! गोलबर्नमध्ये आमची शाळा रस्त्याच्या ह्या बाजूला आणि त्यांची त्या बाजूला. रोज दगड. आम्हीही मारायचो. मदर इग्नेशियस बघून न बघितल्यासारखं करायच्या.

"नाही मेट्रन, ऐका. आयव्हरची मोठी बहीण आहे, एल्स्पेथ. आम्ही एल्सी म्हणायचो. ती चीजच्या कारखान्यातल्या ब्रॉस्ननशी लग्न करून गेली. ब्रॉस्नन कॅथलिक. म्हाताऱ्याने तिचा फोटो भिंतीवरून उतरवला. तिचं नाव घरात काढायचं नाही. आई नाव काढत नाही. चार मैलांवर राहते पोर, पण आई बाजारात तिला बघून रस्ता ओलांडते. आणि ओलांडून झाल्यावर रडते – माझ्या आईने पाहिलंय."

"आणि आयव्हर?"

"आयव्हर बापासारखाच वागला. बापाचं कुरण त्यालाच मिळणार होतं ना. बोलला नाही तिच्याशी. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या फाटकापर्यंत गेला होता, मीच होतो बरोबर. मग म्हणाला, चल, पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी!

"आता बापाला कळणार की मुलगाही गेला त्यांच्यात," स्नोई म्हणाला. "दोनच पोरं होती, मेट्रन. म्हातारी कुठे जाईल? ह्याचाही फोटो उतरवतील ते."

२४ जुलै

टपाल खात्याच्या तंबूत गेले. तिथला सार्जंट माझ्याकडे असं बघत होता की जणू मी समुद्र परत मागतेय. "मेट्रन, ते पत्र केव्हाच सिंगापूरच्या पुढे गेलं. एव्हाना वाचूनही झालं असेल."

वाचूनही झालं असेल.

२७ जुलै, रविवार

मिस्साला गेले. मन लागलं नाही. बाहेर सार्जंट ओरडत होता – कॅथलिकांनी रांगेबाहेर व्हा! आणि आमच्यात येऊन उभ्या राहिलेल्या त्या ताठ मानेच्या पोरांकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ह्यांतले किती न्याहारीचे?

दुपारी फादर हॅनरहनना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. कपातला चहा ढवळत राहिले.

"मला वाटलंच होतं," म्हणाले. "प्रार्थनेला उत्तर कुठे द्यायचं ते त्याला माहीत नव्हतं. पण हात घट्ट धरला होता."

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"तो थांबा म्हणाला ना! मी कसा जाणार?"

मी म्हटलं, मला त्यांना खरं लिहायला हवं. ते म्हणाले, नको. "मेट्रन, एक पत्र गेलंय. ते तिकडे काय करतंय ते तुम्हाला ठाऊक नाही. अंधारात दुसरी गोळी झाडू नका."

"पण त्या घरात आत्ता काय चाललं असेल!"

"तेच म्हणतोय. काय चाललं असेल, हे तुम्हाला माहीत नाही."

मला राग आला. त्यांना काय! त्यांच्या हिशेबात एक आत्मा जमा झाला. असं बोलून पण दाखवलं. ते हसले नाहीत. कप ठेवून उठले.

असं बोलायला नको होतं.

३० जुलै

मिस्टर टलॉकना गाठलं – आमचे प्रेस्बिटेरियन पाद्री. दम्याचा त्रास, नाकावर सतत रुमाल, पण मनाने फार सज्जन. मुलगा आपला आणि पुरला त्यांनी, हे ऐकून आधी गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "थडग्यावर आमची प्रार्थना झालीच पाहिजे. आणि आईवडिलांना कळवायलाच हवं, मेट्रन. सत्य आहे ते." सत्य म्हणताना त्यांना खोकला आला.

सत्य! हा शब्द ऐकून किती बरं वाटलं. शाळेत परत गेल्यासारखं.

२ ऑगस्ट

स्मशानात गेलो – मिस्टर टलॉक, मी, ऊना, आणि चाकाच्या खुर्चीत स्नोई. फादर हॅनरहनही आले, न बोलावता. ऊन असं की क्रूसाला हात लावला तर चटका.

मिस्टर टलॉकनी त्यांची प्रार्थना म्हटली. साधी, इंग्रजीत, सगळं समजेल अशी. चांगली होती. मला कबूल करायला हवं, चांगली होती.

संपल्यावर फादर म्हणाले, "तुमचं झालं असेल तर मी एकदा माझं पुन्हा म्हणून घेतो. राहून गेलेलं बरं नाही."

मिस्टर टलॉक म्हणाले, "मग मला उद्या परत यावं लागेल."

"या ना! मी चहा आणतो."

खुर्चीतून स्नोई म्हणाला, "आयव्हर म्हणत असेल, परेड चुकवली तर ती मेल्यावर दुप्पट भरावी लागली!"

सगळे हसलो. थडग्याजवळ उभं राहून, दोन्ही पाद्र्यांसकट. ऊनाला तर आवरेना. ह्या दिवसांतलं हे एकच हसणं लक्षात राहील. परतताना फादरनी माझ्याकडे पाहिलं, पण पत्राबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

५ ऑगस्ट

पत्राचा कच्चा मजकूर लिहिला. फाडला. दुसरा लिहिला. फाडला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

झालं. लिहून झालं.

लिहिलं की मॅकफींचा मुलगा कॅथलिक नव्हता, कधीच नव्हता. बिल्ल्यावरची खूण ही पोरवयातली चेष्टा होती, परेड चुकवण्यासाठी – त्याच्या मित्राची साक्ष आहे. चूक माझी आहे, सर्वस्वी. तो शेवटपर्यंत आपल्या आईवडिलांच्याच श्रद्धेत होता. मिस्टर टलॉकनी थडग्यावर तुमच्या चर्चच्या रीतीने प्रार्थना केली आहे.

आणि एक वाक्य आणखी. मिस्टर टलॉक म्हणाले, वडिलांच्या मनात किंतु राहायला नको – त्याने होकार दिला असं वाटायला नको. तेव्हा लिहिलं की फादर आले तेव्हा तो पूर्ण बेशुद्ध होता, आणि त्याला कशाचीच जाणीव नव्हती. पहिल्या पत्रात हात धरल्याचं लिहिलं ते माझ्या थकव्याचे भास समजावेत.

भास! पान मीच उलटलं होतं.

सत्य लिहायला बसले आणि हे लिहून उठले. मदर इग्नेशियस असत्या तर त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं असतं. पण त्या बाईला नवऱ्याच्या घरात राहायचंय. मेलेल्या मुलाचा फोटो भिंतीवर राहायला हवा. एका वाक्याने तो राहत असेल तर राहू दे. मी कबुलीत सांगेन. (अजून सांगितलेलं नाही. फादर हॅनरहनशिवाय इथे सांगायचं कोणाला!)

मिस्टर टलॉकनी खाली चार ओळी जोडल्या आणि जेरुसलेममधल्या ओळखीने पत्र उद्याच्याच विमानाच्या थैलीत घालायची व्यवस्था केली. मीच मागे लागले होते – लवकर, लवकर!

११ ऑगस्ट

स्नोई आरामाच्या छावणीत गेला. कुबड्यांवर. जाताना सलाम ठोकला आणि पडता पडता वाचला. "मेट्रनबाई, आयव्हरला घरी पोचवलंत. उपकार झाले."

गाल ओढावासा वाटला. कॉन ह्याच्याएवढाच होता.

१९ ऑगस्ट

शांत झोप लागते आहे.

२८ ऑगस्ट

तोब्रुकहून बोटींनी माणसं येताहेत. सगळे हडकुळे, कातडी चामड्यासारखी, आणि विनोद मात्र असले की ऊनाला तंबूबाहेर जावं लागतं. एकाने मला विचारलं, "मेट्रन, तुम्ही आमच्या आजीच्या वयाच्या, तुम्हाला कोणी फसवून भरती केलं का?" मी म्हटलं, "मला न्याहारी लवकर मिळते म्हणाले." त्याला कळलं नाही. मला मात्र उगाच भरून आलं.

बिल्ले आता मी स्वतः तपासते. शुद्धीवर असेल तर विचारते – बाळा, खरं सांग, तू कोण? काल एक म्हणाला, "मेट्रन, कोण आधी येतोय? जो आधी येईल त्याचा मी."

तो वाचला. पण बोलणं मनातून जात नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज सारखी ती एल्सी मनात आहे. भाऊ गेल्याचं तिला कोणी कळवलं असेल? चार मैलांवर. की तिनेही वर्तमानपत्रात यादी बघितली असेल, बोट फिरवत, एम पर्यंत?

मी आईला लिहिलं, बापासाठी लिहिलं, दोनदा लिहिलं. त्या मुलीला एक ओळ नाही. मला तिची आठवणच झाली नव्हती. मी – जिला कॉनची यादी रस्त्यावर उभं राहून वाचावी लागली होती!

पत्ता स्नोईकडे असेल. त्याला विचारायला हवं. आणि लिहायचं काय? तुझा भाऊ फाटकापर्यंत आला होता?

८ सप्टेंबर

लिहिलं नाही. दिवसभर ऑपरेशनं.

१३ सप्टेंबर

फादर हॅनरहन पुढच्या इस्पितळात जाणार, लिबियाच्या बाजूला. आज धीर करून कबुली दिली – दुसऱ्या पत्रातलं वाक्य. फादर कनातीपलीकडे बसून ऐकत होते.

मग म्हणाले, "माझा हात धरला होता, मेट्रन. तुम्ही तोही नाकारलात."

प्रायश्चित्त हलकं दिलं. जड दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

१८ सप्टेंबर

संत्र्याच्या बागांत पहिला थंड वारा. हिरवी, आंबट फळं लागली आहेत. पोरी चोरून खातात आणि तोंडं वाकडी करतात. मला कोणी दिलं नाही. मागितलं मीही नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

टेरँगहून पार्सल आलं. जहाजाने, दोन महिने वाटेत. पत्र्याचा डबा, वरून कापडात शिवलेला – फळांचा केक, आणि विणलेल्या मोज्यांचा जोड, चिठ्ठी टोचलेली: "माझ्या मुलाजवळ बसले त्या फादरसाठी." सोबत मिसेस मॅकफींचं पत्र, माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. तारीख वीस जुलै.

"ह्यांनी तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर टोपी घातली आणि गेले. परत आले ते एल्स्पेथला घेऊन, आणि जावयाला, आणि आम्ही कधी न पाहिलेल्या नातीला. म्हणाले, आमचा आयव्हर तिकडच्या वाटेने गेला असेल तर ह्या घराचं दार कोणावर लावू? फोटो पुन्हा लावला आहे. तुमचं आणखी एखादं पत्र आलं तर फार बरं वाटेल. हे रोज फाटकापर्यंत जाऊन टपाल बघतात."

माझं दुसरं पत्र ऑगस्टअखेरीसच पोचलं असेल.